साडेअकरा पौंडांची पोच

शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर जमा झाले की शिरपुरात कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून एक कागद हातोहात फिरू लागतो. ट्रस्टने आभाराचं पत्र मागितलेलं असतं आणि कुणा सीनियरचा जुना नमुना कामी येतो. ‘आदरणीय महोदय, आपण केलेल्या बहुमोल मदतीबद्दल मी आपला आजन्म ऋणी राहीन.’ खालचं नाव बदललं की काम झालं. सातपुड्याच्या पाड्यावरून फार्मसी शिकायला आलेली मुलगी असो की तापीकाठच्या सालदाराचा मुलगा, दोघांची कृतज्ञता काना-मात्रेसह सारखी!

यात आळस थोडा, भीती जास्त. एवढ्या मोठ्या माणसाला आपलं वेडंवाकडं मराठी कसं पाठवायचं?

अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी नेमकी हीच भीती मोजून पाहिली. त्यांचा शोधनिबंध 2018 सालचा. आपल्यावर ज्यांचे उपकार आहेत अशा कुणाला तरी आभाराचं पत्र लिहा, असं त्यांनी लोकांना सांगितलं आणि ते वाचून समोरच्याला काय वाटेल याचा अंदाजही नोंदवून घेतला. मग ज्यांना पत्रं मिळाली त्यांनाच गाठून विचारलं. अंदाज साफ चुकलेले निघाले. वाचणारा अवघडून जाईल असं लिहिणाऱ्यांना वाटलं होतं, तसं फारसं झालं नाही. आनंद आणि आश्चर्य मात्र त्यांच्या अपेक्षेच्या बरंच पुढे गेलं होतं. लिहिणारा शब्दांत अडकून बसतो आणि वाचणाऱ्याला त्यातला जिव्हाळा तेवढा दिसतो. शुद्धलेखनाचे गुण कापायला देणगीदार बसलेलाच नसतो.

मग कसेही आभार मानले तरी चालतील? तसंही नाही. अमेरिकेत पाच लाखांहून अधिक देणगीदारांवर सहा वर्षं एक प्रयोग चालला होता. त्यातले बहुतेक सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रांचे देणगीदार. काहींना आभाराचा फोन गेला, काहींना गेला नाही. 2023 मध्ये निष्कर्ष छापून आला : पुढच्या देणगीत काडीचाही फरक नाही. याच्या उलट मिशिगन विद्यापीठातली गोष्ट. तिथे फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना ॲडम ग्रँट यांच्या प्रयोगात एका शिष्यवृत्तीधारकाचं पत्र वाचायला दिलं आणि पाचेक मिनिटं त्याच्याशी बोलू दिलं. महिनाभराने पाहिलं तर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीच्या वर गेला होता आणि गोळा होणारी रक्कम 171 टक्क्यांनी वाढली होती. माणसं वेगळी, काम वेगळं, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना करता येत नाही. तरी मला वाटतं, फरक पडला तो ‘धन्यवाद’ या शब्दाने नव्हे. दिलेल्या पैशाचं पुढे काय झालं, ते तिथे समोर येऊन बसलं होतं.

याचं मराठी मुलखातलं सर्वांत थोर उदाहरण आपल्याच आग्रा रोडवर सुरू होतं. शिरपूरहून धुळं ओलांडून गेलं की मालेगाव. त्या तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला, बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळखही नसलेला गोपाळ 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. याच सयाजीरावांच्या बडोदा संस्थानाने 1913 मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची चाकरी करायची, असा करार होता.

1917 मध्ये ते करारानुसार बडोद्याला रुजू झाले. कचेरीत शिपाईसुद्धा विटाळ मानत. राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तिथून बाहेर काढलं. ज्या शहराच्या पैशावर शिकले, त्या शहरात पाठ टेकायला जागा नव्हती.

असं झाल्यावर कुणी आभार मानले नसते तरी त्याला बोल लावता आला नसता. पण 1925 मध्ये लंडनहून बाबासाहेबांचा ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ हा ग्रंथ आला. ज्या कोलंबियासाठी साडेअकरा पौंड मिळत होते तिथल्याच प्रबंधातून तो उभा राहिलेला, आणि अर्पण केलेला सयाजीरावांना, शिक्षणात केलेल्या मदतीची कृतज्ञता म्हणून. अर्पणपत्रिका अगदी थोडक्यात आहे, विशेषणांची आरास नाही. तिच्या मागे शेकडो पानं आहेत आणि त्यांत इंग्रज सरकार केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटत आलं याचा बारीक हिशेब आहे. शिष्यवृत्तीचं काय केलं, या प्रश्नाला याहून चोख उत्तर मला तरी ठाऊक नाही. ते आलं शिष्यवृत्ती संपून आठेक वर्षं लोटल्यावर, हे मला त्याहून विलक्षण वाटतं.

तेव्हा झेरॉक्सचा नमुना बाजूला ठेवा. मेसचे किती महिन्यांचे पैसे भागले, कुठलं पुस्तक विकत घेता आलं, सुट्टीत कापूस वेचायला न जाता कुठला विषय सुटला, एवढं साध्या मराठीत लिहा. ट्रस्टला हवं असलेलं पत्र ते झालंच. दुसरं मात्र कुणी मागणार नाही. ते नोकरी लागल्यावर, पहिल्या पगारानंतर पाठवा. देणगीदाराचा पत्ता आजच वहीत उतरवून घ्या, पुढे तो शोधणं अवघड जातं.