बदलीची मर्यादा आणि आटोपशीर घर

उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यात, झाशी-ललितपूर लोहमार्गावर बबीना हे लष्करी छावणीचे गाव आहे. युद्धसरावासाठी प्रशस्त मैदान येथे असल्याने देशाच्या सर्व भागांतील सैनिकांची कुटुंबे या छावणीत येतात आणि दोन-तीन वर्षांनी पुढच्या ठिकाणी रवाना होतात. सातारा, सांगली, कोल्हापूरकडील मराठी कुटुंबांचाही त्यांत समावेश असतो. घरातील सामान कमी कसे करावे, हा प्रश्न स्थिर संसारात वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. छावणीतील कुटुंबाला मात्र तो प्रत्येक बदलीच्या वेळी सोडवावाच लागतो.

याचे पहिले कारण नियमांत आहे. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ मध्ये निघालेल्या आदेशानुसार, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना बदलीच्या वेळी वेतनस्तर ६ व त्यापुढे ६,००० किलो, स्तर ५ साठी ३,००० किलो, तर स्तर ४ व त्याखाली १,५०० किलोपर्यंत घरसामान सरकारी खर्चाने नेता येते. लष्करातही पदानुसार अशी मर्यादा असते. त्यापलीकडचा भार स्वतःच्या खिशातून वाहावा लागतो. दुसरे कारण घराच्या व्यवस्थेत आहे. सरकारी निवासस्थानातील पलंग, कपाटे, मेज, खुर्च्या पुष्कळदा लष्कराच्या अभियांत्रिकी सेवेकडून मिळतात आणि घर सोडताना परत कराव्या लागतात. त्यामुळे अवजड फर्निचर विकत घेण्याची गरज मर्यादित राहते.

तरीही सामान वाढतेच. बुंदेलखंडात उन्हाळ्यात कूलरवाचून भागत नाही आणि हिवाळ्यात रजया लागतात. पुढची नेमणूक आणखी वेगळ्या हवामानात होते. कुटुंबाला सोबत नेता येत नाही, अशा ठिकाणी सैनिकाची बदली झाली की संसाराचे दोन भाग होतात आणि शेगडी, भांडी, अंथरूण-पांघरूण दोन्हीकडे लागते. पती सरावावर किंवा सीमेवर असताना बांधाबांध बहुधा पत्नीलाच करावी लागते. कोणती वस्तू ठेवायची, हा निर्णयही तिच्यावरच येऊन पडतो.

खरी कसोटी निवृत्तीनंतर लागते. सैनिक तुलनेने लवकर, पुष्कळदा चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. गावी स्वतःचे घर उभे राहते, तेव्हा वजनाची मर्यादा संपलेली असते. इतकी वर्षे न घेतलेल्या वस्तू एकदम घेतल्या जातात. प्रवासातून आलेल्या पेट्या न उघडताच माळ्यावर जातात. ज्यांची कधीच बदली होत नाही, अशा सर्वच घरांची स्थिती याहून निराळी नसते. बाहेरची मर्यादा नसेल, तर ती घरानेच घालून घ्यावी लागते.

ही मर्यादा वजनापेक्षा जागेने ठरवणे सोपे जाते. एका कपाटात मावतील तेवढे कपडे, एका मांडणीवर राहतील तेवढी भांडी, असे आधी ठरवावे. नंतर एका प्रकारच्या सर्व वस्तू एकत्र काढाव्यात. जपानमधील मारी कोंडो यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने हीच रीत जगभर पोहोचवली. कपडे, पुस्तके, कागद, किरकोळ वस्तू आणि शेवटी आठवणींच्या वस्तू, असा त्यांचा क्रम आहे. चार खोल्यांत विखुरलेले सहा स्टीलचे डबे एकत्र ठेवले, म्हणजे सातव्याची गरज नाही हे कोणी सांगावे लागत नाही.

निर्णय मात्र ज्याची वस्तू त्याचा असावा. मुलांची खेळणी त्यांच्या अपरोक्ष देऊन टाकल्यास ती उरलेल्या वस्तू अधिकच घट्ट धरून ठेवतात. आजीचे पितळी पातेले वापरात नसले, तरी तिच्या हयातीत त्याचा निकाल इतरांनी लावू नये. दिवंगत व्यक्तीच्या वस्तूंसाठी कुटुंबाने पुरेसा वेळ घ्यावा आणि निवडक वस्तू सर्वसंमतीने ठेवाव्यात.

काढलेल्या वस्तू योग्य ठिकाणी पोहोचणेही तितकेच महत्त्वाचे आहे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला आणि भंगारवाला ही आपल्याकडील जुनी व्यवस्था आजही उपयोगी आहे. दान करताना मात्र घेणाऱ्याची गरज पाहावी. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून आलेल्या कपड्यांचे मोठे ढीग वापराविना पडून राहिले होते. ‘गूंज’ या संस्थेने पुढे ते निवडून उपयोगात आणले. फाटके वा मळके कपडे देणे म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात लोटणे होय. बंद पडलेले मोबाइल, संगणक आणि दूरचित्रवाणी संच ई-कचरा म्हणून नोंदणीकृत पुनर्चक्रण व्यवस्थेकडेच द्यावेत. त्यासंबंधीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

कागदपत्रांच्या बाबतीत घाई करू नये. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये जारी झालेली प्रमाणपत्रे मूळ प्रतीप्रमाणेच ग्राह्य धरली जातात. असे असले तरी सेवापुस्तिका, निवृत्तिवेतनाचा आदेश, मालमत्तेचे दस्त आणि मृत्युपत्र यांच्या मूळ प्रती एकाच ठिकाणी जपून ठेवाव्यात आणि ती जागा पती-पत्नी दोघांनाही ठाऊक असावी. कुटुंबनिवृत्तिवेतनाची वेळ आली, तर हीच फाइल प्रथम लागते. अडगळीत ती सापडली नाही, तर त्याची किंमत मागे राहिलेल्यांना मोजावी लागते.

एकदा आवरलेले घर तसेच राहावे, यासाठी नवी वस्तू घेण्यापूर्वी तिची जागा ठरवावी आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी, न उघडलेली प्रत्येक पेटी उघडावी. बदलीचा आदेश येणार नसला, तरी तो आल्याप्रमाणे घराकडे एकदा पाहिले, तर सोबत न्यावे असे काय आहे, हे कुटुंबाला लवकर कळते.