यंत्रात देसकार बसवताना

सकाळी ७

सिंथ उघडण्याआधी चित्र बघायचं, तेही आवाज बंद ठेवून, हा माझा नेम आहे. सध्या हातात आहे तो माहितीपट दादरच्या फुलबाजारावरचा. आजचा तुकडा पहाटेचा. टेम्पोतून झेंडूची पोती उतरतायत, बल्बच्या उजेडात शेवंतीचे ढीग लागतायत, हमाल गर्दीतून वाट काढतायत. निवेदन नाही, संवाद नाहीत. एक पोतं धपकन जमिनीवर पडतं, तिथून संगीत सुरू व्हायचं आहे, आणि पुढे एका कटवर पुलाच्या कठड्यावर ऊन येतं.

दिग्दर्शिकेचं म्हणणं स्पष्ट होतं. "अरे, पहाट म्हणजे लगेच संथ, हळवं काही देऊ नकोस. ही कामाची वेळ आहे त्यांची. सतत काहीतरी चालू राहू दे."

सतत चालू राहणारं हवं म्हटलं की हात आपोआप आर्पेजिएटरकडे जातो. चार-पाच सूर एकत्र दाबून धरायचे आणि तो ते एकामागून एक वाजवत राहतो. मी राग ठरवला देसकार. सकाळचा, आणि धैवत असा झळाळता की उन्हाच्या कटला दुसरं काही सुचेना.

सकाळी ८

आधी वेग. चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं आहे, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. मिनिटाला १२५ ठोके ठेवले तर एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा, बरोबर १२ फ्रेमचा. त्याचा अर्धा ६ फ्रेम, पाव ३ फ्रेम. १२० वेगाला ठोका साडेबारा फ्रेमचा होतो आणि दर दुसरा ठोका दोन फ्रेमच्या मध्ये लोंबकळतो. हाताने वाजवलेल्या संगीतात हे कुणाच्या लक्षात येत नाही. आर्पेजिएटर मात्र इतका काटेकोर चालतो की कट आणि सूर यांच्यातला थोडासा फरकही डोळ्याला खुपतो. म्हणून वेग १२५, आणि दर अर्ध्या ठोक्याला एक सूर. हमालांच्या पावलांशी तो सहज जुळला.

सकाळी १०

आता खरं काम. सा रे ग प ध दाबून धरले, आर्पेजिएटर ‘अप’वर ठेवला, दोन सप्तकं दिली, लॅच चालू केलं, म्हणजे बोटं उचलली तरी सूर चालू राहतात. सूर भराभर चढायला लागले. ऐकायला गोड, स्वच्छ आणि कुठल्याही रागाचं नाही. ‘अप-डाउन’ केलं तर थेट भूप ऐकू यायला लागला.

भूप आणि देसकार या दोघांचे सूर तेच पाच आहेत, हे गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य सूर, देसकारात धैवत. भूप पूर्वांगात रमतो, देसकार वरच्या अंगात, धैवतावरून पंचमावर येऊन विसावतो, आणि ऋषभाला तिथे फारसा मान नाही. दोन्ही रागांचं वेगळेपण चालीत आहे. आर्पेजिएटर सुरांना फक्त उंचीने ओळखतो. खालचा आधी, वरचा नंतर, प्रत्येकाला सारखाच वेळ आणि सारखंच वजन. सगळे सूर सारखे वागवले की ऐकणाऱ्याचा कान सवयीने भूपाकडे झुकतो. ‘ॲज प्लेड’ लावलं तर सूर ज्या क्रमाने दाबले त्या क्रमाने येतात, तेवढी सुधारणा होते. पण धैवतावर थांबणं, ऋषभ गाळणं, तोच सूर पुन्हा घेणं यासाठी ही जागा नाही. आर्पेजिएटर कॉर्डच्या संगीतासाठी घडला, त्या कामात त्याला तोड नाही. रागाचं काम स्टेप सिक्वेन्सरकडे, म्हणजे एकेका घरात सूर भरून वाजवणाऱ्या यंत्रणेकडे द्यावं, हे माझं ठाम मत आहे.

मी सर्ज एक्सटी वापरतो. हा सिंथ मुक्त स्रोत आहे, पैसे पडत नाहीत, आणि त्याच्या एलएफओमध्येच, म्हणजे आवाजाचे गुण आपोआप बदलत ठेवणाऱ्या भागातच, १६ घरांचा सिक्वेन्सर दडलेला आहे. तो पिचला जोडायचा. पिचची मर्यादा मुळात सात अर्धस्वरांची असते, ती वाढवून घ्यायची आणि एलएफओची खोली एक सप्तक ठेवायची. मग शिफ्ट दाबून घर वर-खाली ओढलं की ते नेमकं अर्धस्वरावर बसतं. षड्ज ०, गंधार ४, पंचम ७, धैवत ९, तार षड्ज १२.

घरं अशी भरली: सां ध – ध प – ग प ध – ध प ग –. आडवी रेघ म्हणजे विश्रांती. सर्जमध्ये पहिल्या एलएफओच्या घरांवर छोट्या खुणांची एक ओळ असते. खूण असेल त्या घरावर सूर नव्याने छेडला जातो. आवाजाच्या एन्व्हलपमध्ये सस्टेन शून्यावर आणला की छेडलेला सूर आपोआप विरतो आणि बिनखुणेचं घर रिकामं राहतं. या चार रिकाम्या घरांनीच देसकार उभा राहिला. सलग वाजणाऱ्या सुरांत धैवत हरवत होता. पुढेमागे जागा मिळाल्यावर तो ऐकू आला.

ऋषभ मी मुद्दाम घेतलाच नाही. तो बासरीसाठी राखून ठेवला.

वजनाचा प्रश्न उरला. दुसरा एलएफओ घेतला, त्यालाही तेवढीच घरं दिली, आणि तो फिल्टरला जोडला. फक्त धैवताच्या घरांवर फिल्टर थोडा उघडतो, बाकीचे सूर किंचित झाकलेले राहतात. चांगला सतारिया एखाद्या सुरावर मिजराब जरा जोराने मारतो, तेच काम. पाव तास फक्त ही उंची ठरवण्यात गेला. जास्त झाली की धैवत ओरडतो, कमी झाली की पुन्हा भूप.

दुपारी १

जेवताना चरणजित सिंग ऐकले. ते मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलंडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. रेकॉर्ड तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर गाजली, कारण शिकागोतल्या ॲसिड हाउसच्या कितीतरी आधी तसा आवाज मुंबईत निघाला होता. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी केलेलं कामाचं वाटप. ठेका आणि खालची धावती ओळ यंत्राकडे, आणि रागाचा विस्तार हाताकडे. सिंथवर राग वाजवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी मन लावून ऐकायला हवं.

दुपारी २:३०

सकाळच्या ओळीची घरं १४ आहेत. हे ठरवून केलं. सर्जमध्ये घरांच्या दोन्ही टोकांना खुणा असतात, त्या सरकवून आवर्तन हवं तेवढं लहान करता येतं. खाली षड्ज-पंचमाचा एक लांब, भरीव स्वर ठेवला आणि त्याच्या फिल्टरला १६ घरांचा सिक्वेन्सर लावला. त्यामुळे तो स्वर न तुटता आतल्या आत हेलावतो. वरचं आवर्तन १४ चं, खालचं १६ चं. दोन्ही पोत्याच्या धपक्यावर एकत्र निघतात, मग एकमेकांवरून सरकत जातात, आणि ११२ घरांनंतर पुन्हा एका समेवर येतात. दर घर २४० मिलिसेकंदांचं, म्हणजे २६ सेकंद २२ फ्रेम. तेवढ्या वेळात तीच जोडी पुन्हा पडत नाही. ओळ चालू राहते, पण कान कंटाळत नाही.

धपक्यापासून उन्हाचा कट २६ सेकंद १८ फ्रेमवर होता. दिग्दर्शिकेला फोन लावला. "तो कट चार फ्रेम पुढे ढकलशील?"

"चार फ्रेमनी काय होणार आहे?"

"सम येईल."

तिने तासाभरात नवीन कट पाठवला.

संध्याकाळी ४:३०

बासरीवाले काका आले. मी सगळं पांढरी एकमध्ये बांधलं होतं, त्यांनी आणली होती पांढरी तीनची बासरी. "बदलायला वेळ लागेल ना रे?" त्यांनी विचारलं. काहीच लागत नाही. सिक्वेन्सरमधले आकडे दाबलेल्या पट्टीपासून मोजलेले असतात. पांढरी तीन दाबली की सगळी ओळ तिथे जाते.

काकांना क्लिक मात्र नको होता. "कानात टकटक असली की फुंकर अडते," म्हणाले. मग हेडफोनमध्ये फक्त खालचा हेलावता स्वर दिला आणि वरची ओळ अगदी हळू. बासरी यायची होती उन्हाच्या कटवर, समेनंतर. तिथून पुढे त्यांना ठोक्याला बांधून ठेवायची गरजच नव्हती. त्यांनी धैवत धरला, बराच वेळ धरला, पंचमावर उतरले, आणि गंधाराकडून षड्जावर येताना ऋषभाला नुसता स्पर्श केला. सकाळपासून त्या सुराची जागा रिकामी होती, म्हणून तो स्पर्शही पुरला. दुसऱ्या वेळी घेतलेला टेक जास्त सफाईदार होता. मी पहिलाच ठेवला. त्यात ऋषभ उशिरा येतो.

संध्याकाळी ७

दिग्दर्शिका स्टुडिओत येऊन ऐकून गेली. तिला बासरी आवडली, ओळीबद्दल ती काही बोलली नाही, म्हणजे ओळ चित्रात मिसळली. तिची एकच सूचना होती. सुरुवातीचा टेम्पोचा, पोत्यांचा, माणसांच्या हाकांचा मूळ आवाज आणखी वर हवा. मी सुरुवातीला फिल्टर बराच झाकला आणि पहिल्या काही आवर्तनांत तो हळूहळू उघडत नेला. सिक्वेन्सर तोच, सूर तेच. बाजाराचा गलका आता समोर राहतो.

रात्री ८:३०

शेवटचं काम बाउन्सचं, म्हणजे ओळी ऑडिओत उतरवण्याचं. सिक्वेन्सरच्या ओळी जिवंत ठेवून फाइल पुढे देऊ नये, असं मी नवख्या मुलांना नेहमी सांगतो. दुसऱ्याच्या मशिनवर सिंथची आवृत्ती वेगळी असते, एलएफओ ‘फ्रीरन’वर असेल तर ओळ दाबलेल्या सुरापासून सुरू न होता गाण्यातल्या जागेप्रमाणे चालते, आणि समेचा सगळा हिशेब जातो. म्हणून माझे सगळे सिक्वेन्सर ‘की-ट्रिगर’वर आहेत, आणि ते ऑडिओ करूनच बाहेर जातात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, चार स्टेम: वरची ओळ, तिचा एको वेगळा, खालचा स्वर, बासरी. प्रत्येक फाइल धपक्याच्या फ्रेमपासून सुरू होते, नावात वेग आणि पट्टी लिहिलेली असते. एको वेगळा दिला की मिक्स करणाऱ्याला तो गलक्याच्या मागे ढकलता येतो.

उद्याच्या तुकड्यात दुपारचा बाजार आहे, सुकत चाललेली फुलं आणि उरलेल्या मालाचा घासाघिशीचा भाव. त्यासाठी सारंग मनात आहे. त्यात चढताना शुद्ध निषाद आणि उतरताना कोमल, त्यामुळे चढ-उतारासाठी दोन वेगळ्या ओळी भराव्या लागतील. घरं किती ठेवायची ते चित्र बघून ठरवीन.