चकाकीखालची ओल

पुनर्विकासानंतर मुलुंडची आमची नवी इमारत उभी राहिली. तळघरातल्या पार्किंगला राखाडी, आरशासारखे इपॉक्सी लागले, तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटले. दुसऱ्याच पावसाळ्यात गाड्यांच्या चाकांखालून पोपडे निघू लागले, भिंतीलगत फुगे आले. सभेत ठपका आला तो झाडलोट करणाऱ्या मावशींवर. त्या ॲसिड टाकून जमीन धुतात, नुकसान त्यांच्या पगारातून कापा, असेही कुणी म्हणाले. मी रसायनशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. वाचत, विचारत, हाताने तपासत जे कळले तेवढेच. चार पोपडे कागदात गुंडाळून घरी आणले.

इपॉक्सी म्हणजे नेहमीचा रंग नव्हे. राळ आणि हार्डनर एकत्र आले की रासायनिक क्रिया होऊन कठीण थर तयार होतो. तुटलेल्या कपाचा कान जोडणारे ॲराल्डाइट याच कुळातले. रोलरने मारलेला थर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो, ओतून पसरवलेला दोन-तीन मिलिमीटर. थर कितीही चांगला असला, तरी त्याचे आयुष्य ठरते खालच्या काँक्रीटवर.

काँक्रीट दिसते भरीव, पण त्यात केसाहून बारीक वाटा असतात. जमिनीतली ओल त्यांतून वर येते. एरवी ती हवेत उडून जाते; वर इपॉक्सी बसले की कोंडते आणि थराला खालून रेटते. उपनगरांत पावसाच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पडते, तेव्हा तळघराची ओल हटणार कशी? त्यात रस्त्यावरून आलेले टायर तापलेले असतात. थंड होताना ते आकसतात, आणि पकड कच्ची असेल तर थर उचलून घेतात.

माझ्या पोपड्यांच्या पाठीला सिमेंटची भुकटी चिकटली होती. म्हणजे काँक्रीटवरची कमकुवत साय यंत्राने घासून काढलीच नव्हती. फुगा टोचला तर आत पाणी. मग उघड्या पडलेल्या जागी दीड फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून सोळा तास ठेवले. सकाळी आतून थेंब जमले होते. ॲसिडने बिघडले असते, तर आधी वरची चमक गेली असती. ती शाबूत होती.

हे सारे सभेत मांडले. पगारकपातीचा विषय मिटला.

नव्याने इपॉक्सी करणाऱ्यांनी एवढे पाहावे: नवे काँक्रीट किमान २८ दिवसांचे असावे, पृष्ठभाग यंत्राने घासलेला असावा, प्लास्टिकची चाचणी कोरडी यावी. ओल असेल तर आधी ओलरोधक प्रायमर हवा. पावसाळ्यात काम काढू नये. दमट हवेत थरावर चिकट पांढुरकी साय धरते.

निगा सोपी आहे. रेती रोज झाडावी, कारण चाकांखाली तीच पॉलिशपेपरचे काम करते. तेल सांडले की लगेच पुसावे. धुवायला सौम्य साबण पुरे. ॲसिड मात्र नकोच. ते तड्यांतून शिरून काँक्रीट खाते. मावशींच्या हातची ती बाटली आता बंद झाली आहे. ती दर महिन्याला सोसायटीच्याच खर्चाने यायची, हे त्या सभेत कुणाला आठवले नव्हते.