व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर : निगा व दुरुस्ती

दूरचित्रवाणीवरील चित्र व ध्वनी चुंबकीय फितीवर मुद्रित करून पुन्हा दाखविणारे घरगुती उपकरण म्हणजे व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर (व्हीसीआर) होय. सोनी कंपनीची बीटामॅक्स (१९७५) व जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस (१९७६) या त्याच्या दोन प्रमुख पद्धती असून त्यांच्या कॅसेटी परस्परांच्या यंत्रात चालत नाहीत. भारतात १९८२ मध्ये रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाल्यानंतर या उपकरणाचा प्रसार झपाट्याने झाला. लग्नकार्ये, गावच्या जत्रा व शाळांची स्नेहसंमेलने यांच्या असंख्य कॅसेटी त्यानंतरच्या दोन दशकांत घरोघर जमा झाल्या. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले व नव्या यंत्रांचा ओघ संपला. त्यामुळे जुन्या यंत्राची दुरुस्ती हा आता त्या मुद्रणांपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न झाला आहे. यंत्र बिघडल्यास दुसरे शोधता येते. फीत कुरतडली गेल्यास तिच्यावरील मुद्रण परत मिळत नाही. दुरुस्तीचे सर्व नियम या एका गोष्टीवरून ठरतात.

रचना व कार्य : व्हीएचएस फीत १२·७ मिमी. रुंद असून भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत ती दर सेकंदाला सु. २३·४ मिमी. इतक्या मंद गतीने सरकते. चित्रसंकेतांना लागणाऱ्या उच्च कंप्रतेसाठी ही गती अगदी अपुरी आहे. म्हणून चित्रशीर्षे ६२ मिमी. व्यासाच्या तिरक्या दंडगोलावर (ड्रमवर) समोरासमोर बसवून तो मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरवितात. फीत दंडगोलाला अर्ध्याहून किंचित अधिक वेढा घालते आणि प्रत्येक शीर्ष तिच्यावर सु. ०·०५ मिमी. रुंदीचा तिरका माग उमटविते. ध्वनी फितीच्या वरच्या कडेवर, तर गतिनियंत्रणाचे स्पंद खालच्या कडेवर असतात. ते स्थिर शीर्षाने वाचले जातात. फीत ओढण्याचे काम कॅपस्टन हा पोलादी दांडा व त्यावर दाबला जाणारा रबरी रूळ करतात. माग इतके अरुंद असल्याने मार्गदर्शक खुंट्या थोड्या जरी ढळल्या, तरी चित्र बिघडते.

दोषांची ओळख : ही रचना ध्यानात घेतल्यास लक्षणांवरून दोषस्थान बव्हंशी कळते. ध्वनी स्वच्छ, पण पडद्यावर सर्वत्र पांढरे ठिपके असतील, तर चित्रशीर्षांवर मळ साचलेला असण्याचा संभव अधिक. चित्रात वर किंवा खाली आडवा पट्टा राहत असेल, तर फितीचा मार्ग ढळलेला असतो. ध्वनी हेलकावत असेल, तर रबरी रूळ गुळगुळीत वा कडक झालेला असतो. कॅसेट बाहेर काढताना फितीचे वेटोळे यंत्रात अडकत असेल, तर फीत गुंडाळणाऱ्या चकतीला गती देणारे रबरी चाक किंवा पट्टा सैल झालेला असतो. अशा यंत्रात दुसरी कॅसेट घालू नये. कॅसेट आत घेऊन यंत्र लगेच बंद पडत असेल, तर यांत्रिक स्थिती कळविणाऱ्या स्विचचे संपर्क गंजलेले असू शकतात. यंत्र मुळीच सुरू होत नसेल, तर प्रथम वीजपुरवठा विभागातील वाळलेली विद्युत् विच्छेद्य धारित्रे तपासावी.

स्वच्छता व दुरुस्ती : झाकण काढण्यापूर्वी वीजजोड काढावा. स्विच पद्धतीच्या पुरवठ्यातील मुख्य धारित्रावर ३०० व्होल्टपेक्षा अधिक दाब असतो व जोड काढल्यावरही तो काही काळ टिकतो. हे काम माहितगारानेच करावे. चित्रशीर्षे पुसण्यासाठी धागे न सुटणारे मऊ कातडे शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवून दंडगोलावर हलकेच टेकवावे आणि दंडगोल हाताने सावकाश फिरवावा. कातडे वर-खाली घासल्यास शीर्षाचे ठिसूळ टोक तुटते. कापसाचा बोळा शीर्षांना कधीही लावू नये. कॅपस्टन, खुंट्या व स्थिर शीर्षे मात्र बोळ्याने पुसता येतात. घट्ट झालेले जुने ग्रीज पूर्ण काढून नवे अगदी थोडे लावावे. तेल रबरावर वा फितीच्या मार्गावर जाऊ देऊ नये. फितीचा शेवट प्रकाशसंवेदकाने ओळखला जात असल्याने उघडे यंत्र प्रखर उजेडात चालविल्यास ते विनाकारण थांबते. हा दोष समजू नये.

खुंट्यांचे स्क्रू जुळणीची प्रमाणित फीत व दोलनदर्शक यांवाचून फिरवू नयेत. शिवाय ढळलेल्या यंत्रावर मुद्रित झालेली फीत पुष्कळदा त्याच यंत्रात उत्तम दिसते. घरचे मूळ यंत्र चालू असल्यास त्याची जुळणी सुधारण्याआधी त्यावर मुद्रित केलेल्या कॅसेटींच्या प्रती काढून घ्याव्यात.

आर्द्र हवामानातील निगा : सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील कोयनानगर येथे वर्षाला सु. ५,००० मिमी. पाऊस पडतो व तो बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. अशा ठिकाणी फितींचा व यंत्राचा मुख्य शत्रू ओलावा होय. दंडगोलावर दव साचल्यास फीत त्याला चिकटून गुंडाळली जाते. पुष्कळ यंत्रांतील दवसंवेदक अशा वेळी यंत्र चालू देत नाही. त्याला बगल न देता यंत्र काही तास कोरड्या, उबदार जागी ठेवावे. पावसाळ्यात यंत्र अधूनमधून काही वेळ चालू ठेवल्यास आतील उष्णतेने ओलावा कमी होतो आणि रबरी भागही एकाच स्थितीत राहून विकृत होत नाहीत.

कॅसेटीच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरे डाग दिसल्यास ती बुरशी समजावी. अशी कॅसेट चालविल्यास शीर्षे भरतात, फीत फाटू शकते व बुरशी पुढच्या कॅसेटींत पसरते. ती वेगळ्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवून प्रथम कोरडी करावी. नंतर नाकातोंडाला फडके बांधून आणि केवळ याच कामासाठी राखलेल्या यंत्रावर फीत सावकाश गुंडाळीत कोरड्या मऊ कापडाने पुसावी. तुटलेली फीत जोडताना साधी चिकटपट्टी वापरू नये, कारण तिचा डिंक शीर्षांवर येतो. फीतजोडणीची खास पट्टी मागील बाजूस लावावी. कवच फुटले असल्यास पाच स्क्रू काढून फितीच्या चकत्या दुसऱ्या कॅसेटीच्या कवचात घालता येतात.

कॅसेटी पूर्ण गुंडाळून, उभ्या व झाकणबंद डब्यात ठेवाव्यात. ओलसर भिंत, ध्वनिवर्धक व विद्युत् चलित्रे यांपासून त्या दूर असाव्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या विनाशकारी भूकंपानंतरही कोयना परिसरात लहान धक्के बसत आले आहेत. म्हणून तेथे त्या उंच फळीवर न ठेवता खालच्या कप्प्यात, परंतु जमिनीच्या ओलीपासून वर ठेवणे इष्ट ठरते.

उत्तम निगा राखली, तरी फितीवरील चुंबकीय थराला धरून ठेवणारे बंधक द्रव्य कालांतराने निकृष्ट होते व शीर्षे प्रत्येक वापरात झिजतात. म्हणून दुरुस्त यंत्र प्रथम एखाद्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटीवर तपासावे. ते निर्दोष ठरल्यावर ज्या मुद्रणाची दुसरी प्रत कोठेही नाही, ते आधी अंकीय स्वरूपात उतरवून घ्यावे. प्रती निदान दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ फीत टाकून देऊ नये.