बाटलीबंद पाण्याची किंमत आणि पाण्याचे मूल्य : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील कोणत्याही मध्यम दर्जाच्या हॉटेलात ग्राहक बसताच वाढपी विचारतो, "पाणी साधं की बिसलेरी?" या प्रश्नात गेल्या काही दशकांतील एक मोठे सामाजिक परिवर्तन सामावलेले आहे. एका उत्पादनाचे नाव संपूर्ण वर्गाचे सामान्यनाम झाले आणि नळाच्या पाण्याला 'साधे' हे काहीसे कमीपणाचे विशेषण लागले. 'साधे' पाणी मागणारा ग्राहक कंजूष किंवा आरोग्याबाबत बेफिकीर ठरेल, अशी एक अस्पष्ट भीतीही या प्रश्नामागे असते.

पाणी ही निसर्गाची देणगी आहे, हे वाक्य शालेय निबंधापासून सर्वांच्या परिचयाचे आहे. तरीही तीच देणगी हजारो पट किमतीने विकत घेताना सुशिक्षित समाजाला फारसे आश्चर्य वाटत नाही. या विसंगतीचा उलगडा आर्थिक, वैज्ञानिक आणि सामाजिक अशा तीन अंगांनी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. प्रवासात, पूरग्रस्त भागात किंवा जेथे नळाचे पाणी खरोखरच दूषित आहे तेथे बाटलीबंद पाणी घेणे गैर नाही. येथे चिकित्सा करावयाची आहे ती शुद्ध पाणी उपलब्ध असूनही सवयीने किंवा प्रतिष्ठेसाठी मोजल्या जाणाऱ्या किमतीची.

१. बाटलीबंद पाण्याची वाटचाल :

युरोपात खनिजयुक्त झऱ्यांचे पाणी औषध म्हणून बाटलीत भरून विकण्याची प्रथा जुनी आहे. भारतात या व्यवसायाचा पाया १९६५ मध्ये मुंबई परिसरात घातला गेला. फेलिचे बिसलेरी या इटालियन उद्योजकाच्या नावाने हे पाणी काचेच्या बाटल्यांतून विकले जाऊ लागले. प्रारंभी त्याचे ग्राहक म्हणजे मोठ्या हॉटेलांत उतरणारे परदेशी पाहुणे आणि मूठभर श्रीमंत मंडळी. १९६९ मध्ये पार्ले समूहाने हा व्यवसाय केवळ चार लाख रुपयांना विकत घेतला. पाणी विकत घेण्याची कल्पनाच त्या काळी भारतीय मनाला हास्यास्पद वाटत होती, हे या अल्प रकमेवरून लक्षात येते.

पुढील बदलास तंत्रज्ञानाने हातभार लावला. १९७३ मध्ये अमेरिकेत नॅथॅनियल वायेथ यांना पेट प्लास्टिकच्या बाटलीचे पेटंट मिळाले. वजनाला हलकी, न फुटणारी आणि परत करण्याची गरज नसलेली ही बाटली पुढे भारतातही सर्वत्र पोहोचली. १९९१ नंतरच्या उदारीकरणाच्या काळात बहुराष्ट्रीय कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. २००३ मध्ये भारतीय रेल्वेच्या अंगीकृत संस्थेने 'रेल नीर' सुरू केले. अशा रीतीने, चार दशकांपूर्वी चैन मानले गेलेले बाटलीबंद पाणी रेल्वेच्या फलाटावर सर्वसामान्य प्रवाशाच्या हाती आले.

२. किमतीचे गणित :

ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात एक प्रसिद्ध विरोधाभास मांडला. पाण्याइतके उपयुक्त दुसरे काही नाही, तरी त्याच्या बदल्यात फारसे काही मिळत नाही; उलट हिऱ्याचा उपयोग नगण्य असूनही त्याची किंमत अफाट असते. विपुलता आणि दुर्मिळता यांच्या आधारे अर्थशास्त्राने पुढे हे कोडे सोडविले. बाटलीबंद पाण्याने मात्र ते नव्याने उभे केले आहे, कारण येथे विपुल असलेली वस्तूच महाग विकली जाते.

रेल नीरच्या एक लिटर बाटलीची किंमत वस्तू व सेवा करातील कपातीनंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून १५ रुपयांवरून १४ रुपयांवर आली. बाजारातील स्वस्त पाण्यात तिची गणना होते. या दराने हजार लिटर पाण्याचे १४,००० रुपये होतात. मुंबईत महानगरपालिकेचा इमारतींतील घरगुती वापराचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्या आत आहे. म्हणजे हे स्वस्त बाटलीबंद पाणीसुद्धा नळाच्या पाण्यापेक्षा किमान १,४०० पट महाग पडते. परदेशातून आयात होणाऱ्या खनिज पाण्याची किंमत लिटरला शंभर रुपयांच्या पुढे जाते. तेथे हे प्रमाण दहा हजार पटींवर पोहोचते.

मुंबईच्या नळाचे पाणीही सहजासहजी घरात येत नाही. वैतरणा, तानसा, भातसा यांसारख्या दूरच्या जलाशयांतून ते जलवाहिन्यांद्वारे शहरात आणले जाते. भांडुप येथील संकुलासारख्या केंद्रांत त्याचे शुद्धीकरण होते, क्लोरीन मिसळले जाते आणि नंतर ते घरोघरी पोहोचते. नळाचा दर अनुदानामुळे कमी राहतो, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अंशतः खरा आहे. परंतु अनुदान बाजूला ठेवून दर दहापट धरला, तरी रेल नीरची किंमत १४० पट उरतेच. हे अंतर बाटली, झाकण, वेष्टण, वाहतूक, शीतपेटी, विक्रेत्यांचे कमिशन, जाहिरात आणि नफा यांनी व्यापलेले असते. ग्राहक ज्याला पाण्याची किंमत समजतो, ती बहुतांशी पाण्याभोवतीच्या गोष्टींची असते.

३. शुद्धतेचा दावा आणि वस्तुस्थिती :

'मिनरल वॉटर' या लोकप्रिय शब्दामुळे बराच गैरसमज झाला आहे. भारतीय मानकांनुसार यात दोन स्वतंत्र प्रकार आहेत. 'नॅचरल मिनरल वॉटर' म्हणजे विशिष्ट नैसर्गिक स्रोतातून घेतलेले व मूळ खनिजे कायम असलेले पाणी. त्यासाठी आयएस १३४२८ हे मानक आहे. 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' म्हणजे कूपनलिका, विहीर किंवा नळ अशा कोणत्याही स्रोतातील पाणी प्रक्रिया करून भरलेले; त्यासाठी आयएस १४५४३ हे मानक आहे. भारतात सर्रास विकल्या जाणाऱ्या बाटल्या दुसऱ्या प्रकारच्या असतात. त्यांतील पाणी वाळू व कार्बनचे गाळणे, रिव्हर्स ऑस्मोसिस, अतिनील किरण आणि ओझोन अशा टप्प्यांतून जाते. त्यात हिमालयातील झऱ्याचा अंश शोधणे व्यर्थ होय.

या प्रक्रियेनंतरही शुद्धतेची हमी निरपवाद नसते. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्ली व मुंबई परिसरातील बाटलीबंद पाण्याच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात लिंडेन, डीडीटी, मॅलेथिऑन, क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे नमूद होते. शेतातील रसायने भूजलात उतरतात आणि तेच भूजल बाटलीत येते. या अहवालानंतर शासनाला मानके अधिक कडक करावी लागली. बाटलीबंद पाण्यासाठी २००१ पासून असलेली भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची सक्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये काढण्यात आली आणि पुढच्याच महिन्यात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने या पाण्याचा समावेश उच्च जोखमीच्या खाद्यपदार्थांत केला. ज्या वस्तूची निवड ग्राहक निर्धोक म्हणून करतो, तिला नियामक यंत्रणा जोखमीच्या वर्गात ठेवते, ही बाब विचार करण्यासारखी आहे.

विकसित देशांतील अनुभवही याहून वेगळा नाही. १९९० मध्ये 'पेरिए' या प्रतिष्ठित फ्रेंच पाण्यात बेन्झीन आढळल्याने जगभरातून सुमारे १६ कोटी बाटल्या परत घ्याव्या लागल्या. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये 'दसानी' या नावाने विकले जाणारे पाणी म्हणजे लंडनजवळील सिडकप येथील नळाचे प्रक्रिया केलेले पाणी असल्याचे उघड झाले. त्यानंतर त्यात ब्रोमेटचे प्रमाण कायदेशीर मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि सुमारे पाच लाख बाटल्या मागे घेण्यात आल्या. प्रक्रियेत मिसळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमधील ब्रोमाइडचे ओझोनमुळे ब्रोमेटमध्ये रूपांतर झाले होते. म्हणजे दोष मूळच्या नळाच्या पाण्यात नव्हता, 'सुधारणे'च्या प्रक्रियेत होता. २०२४ मध्ये नेस्ले कंपनीने फ्रान्समधील आपल्या काही 'नैसर्गिक' खनिज पाण्यांवर नियमबाह्य शुद्धीकरण केल्याची कबुली दिली आणि प्रकरण मिटविण्यासाठी २० लाख युरो भरले. नैसर्गिकतेसाठी अधिक किंमत मोजणाऱ्या ग्राहकाच्या हाती प्रत्यक्षात गाळलेले पाणी पडत होते.

बाटलीचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी सुमारे २ लाख ४० हजार प्लास्टिक कण आढळले. त्यांतील बहुसंख्य कण नॅनो आकाराचे होते. त्यांचा आरोग्यावर नेमका किती परिणाम होतो, यावर संशोधन सुरू आहे. त्यामुळे भीती पसरविणे योग्य होणार नाही, परंतु बाटली म्हणजेच शुद्धता हे समीकरण या निष्कर्षापुढे टिकत नाही.

४. प्रतिष्ठेचे अर्थशास्त्र :

मग ग्राहक ही किंमत का मोजतो? थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये प्रदर्शनीय उपभोगाची संकल्पना मांडली. काही वस्तूंचे आकर्षण त्यांच्या उपयुक्ततेपेक्षा त्यांच्या महागपणात असते, हा तिचा आशय. अमेरिकेतील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सहभागींना एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून चाखावयास दिली. किंमत अधिक सांगितली तेव्हा ती अधिक चांगली लागल्याचे त्यांनी नोंदविले आणि मेंदूतील आनंदाशी संबंधित भागाची हालचालही वाढलेली दिसली. चव आणि रंग असलेल्या पेयाबाबत हे घडत असेल, तर जवळजवळ बेचव व रंगहीन पाण्याबाबत किमतीच्या पट्टीचा प्रभाव पडणे मुळीच आश्चर्यकारक नाही.

१२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णयही येथे बोलका आहे. हॉटेल व उपाहारगृहांना बाटलीबंद पाणी छापील कमाल किमतीपेक्षा अधिक दराने देता येईल, असे न्यायालयाने म्हटले. ग्राहक तेथे केवळ बाटली विकत घेण्यास जात नाही, तेथील वातावरण व सेवा यांचाही उपभोग घेतो, अशी त्यामागील भूमिका होती. कायद्याच्या दृष्टीने ती सुसंगत आहे. सामाजिक दृष्टीने मात्र तिचा अर्थ असा होतो की, त्या मेजावर ग्राहक पाण्यासाठी नव्हे, तर परिसरासाठी पैसे देत असतो.

५. महाराष्ट्राचा संदर्भ : पाणपोई ते बाटली :

महाराष्ट्रात चैत्र-वैशाखात रस्त्याच्या कडेला रांजण ठेवून वाटसरूंना पाणी देण्याची प्रथा आहे. अक्षय्य तृतीयेस उदककुंभाचे दान पुण्यप्रद मानले जाते. पेशवेकाळात कात्रजच्या तलावातून पुण्यातील हौदांपर्यंत पाणी आणण्यात आले, तर मलिक अंबरने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहरींचे जाळे उभारले. मात्र या परंपरेचे एकतर्फी गौरवीकरण करणे उचित नाही. ज्यांना त्या हौदाला स्पर्शही करता येत नव्हता, त्यांच्या दृष्टीने ते पाणी सार्वजनिक नव्हतेच. १८६८ मध्ये महात्मा फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला आणि पुढे दहा वर्षांच्या न्यायालयीन लढ्यानंतर १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो हक्क मान्य झाला. सार्वजनिक पाणी हा नागरिकत्वाचा प्रश्न आहे, हे महाराष्ट्राने अशा संघर्षातून शिकले आहे.

बाटलीमुळे या प्रश्नाचे स्वरूप बदलते. जातीऐवजी खिसा हा पाण्याचा निकष होऊ लागतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. अशा टंचाईत टँकर किंवा जार विकत घेणारे गरीब कुटुंब शहरातील नळधारकापेक्षा कितीतरी पट किंमत मोजते आणि त्याच्यापुढे निवडीचा प्रश्नच नसतो. दुसरीकडे, ज्यांच्या शब्दाला नगरपालिकेत वजन आहे तो वर्ग जार आणि बाटली यांच्या आश्रयाने नळाच्या व्यवस्थेतून मनाने बाहेर पडतो. नळाला गढूळ पाणी आले तर तक्रार करण्याऐवजी तो जारवाल्याला दूरध्वनी करतो. तक्रार करणारा आवाज कमी झाला की व्यवस्था सुधारण्याचा दबावही कमी होतो, व्यवस्था आणखी खालावते आणि बाटलीची गरज खरोखरच निर्माण होते. महागड्या पाण्याची खरी किंमत ती बाटली विकत घेऊ न शकणारा माणूस अशा रीतीने चुकवितो.

६. शैक्षणिक संस्थांची भूमिका :

१९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाण्याचा हक्क जीविताच्या हक्कात समाविष्ट असल्याचे म्हटले. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी व स्वच्छता यांना मानवी हक्क म्हणून मान्यता दिली. महाविद्यालयांतून हे सर्व शिकविले जाते. त्याच महाविद्यालयांत पर्यावरणविषयक चर्चासत्राच्या व्यासपीठावर प्रत्येक पाहुण्यासमोर सीलबंद बाटली मांडलेली असते आणि सत्र संपल्यावर अर्धवट प्यालेल्या बाटल्या शिपाई गोळा करीत असतो. प्रेक्षागृहातील विद्यार्थी मात्र बाहेरच्या नळावर पाणी पितात. पाण्याचे हे दोन दर्जे विद्यार्थी व्याख्यानापेक्षा अधिक लक्षपूर्वक पाहत असतात.

यात बदल करणे अवघड नाही. रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना आयएस १०५०० या पेयजल मानकातील प्रमुख निकषांवर महाविद्यालयाच्या पाण्याची नियमित तपासणी करता येईल आणि निष्कर्ष फलकावर लावता येतील. पाण्याच्या टाकीची सफाई केल्याची तारीख टाकीवरच लिहिता येईल. चर्चासत्रांत तांब्या-भांडे किंवा काचेचे पेले ठेवता येतील. पाणी सदोष आढळल्यास ती बाब स्थानिक स्वराज्य संस्थेपुढे लेखी मांडणे, हेही शिक्षणाचेच अंग आहे.

समारोप :

बाटलीबंद पाण्याची किंमत ही पाण्याची किंमत नसून बाटली, जाहिरात, प्रतिष्ठा आणि सार्वजनिक व्यवस्थेवरील अविश्वास यांची बेरीज आहे. यांपैकी अविश्वास हा घटक अनेक ठिकाणी रास्त आहे, परंतु त्यावरील उपाय बाटलीत नाही. तपासणी, पारदर्शकता आणि नागरिकांचा सततचा आग्रह यांतूनच नळाचे पाणी विश्वासार्ह होऊ शकते. व्यासपीठावरील पाहुणा आणि दारातील शिपाई हे दोघे एकाच नळाचे पाणी निःशंकपणे पिऊ शकतील, तेव्हा त्या महाविद्यालयात पाण्याचा धडा खऱ्या अर्थाने शिकविला गेला, असे म्हणता येईल.