आजोबांची आरामखुर्ची, नातवाचा पाळणा

वडोदऱ्यात तीन-चार पिढ्यांपासून स्थिरावलेल्या मराठी घरांत काही वस्तू हमखास आढळतात. दिवाणखान्यात पितळी कड्यांचा झोपाळा, खिडकीशी लांब हातांची आरामखुर्ची, देवघरात शिसवी देव्हारा आणि माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला पाळणा. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत आपले पूर्वज नोकरीनिमित्त येथे आले. 1890 साली कलाभवनाची स्थापना होऊन या नगरीत हस्तकौशल्याला विद्येची प्रतिष्ठा मिळाली. त्या काळाचे साक्षीदार असलेले हे सागवान आणि शिसव आज वाड्यांतून सदनिकांत येताना अडचणीचे ठरू लागले आहे. 'झिलई गेली, काळे पडले,' एवढ्या कारणावरून शंभर वर्षांची खुर्ची भंगारात जाते आणि तिच्या जागी भुशाच्या फळीचे कपाट येते.

गेली काही वर्षे रविवारच्या सकाळी अशा जुन्या सामानाची निगा राखण्याचा छंद मी जोपासला आहे. त्यात जे समजले ते सुहृदांसमोर मांडावे, आणि बालरोगतज्ज्ञ या नात्याने एक धोक्याची सूचनाही द्यावी, हा या लेखाचा हेतू.

आधी निदान, मग उपचार

रुग्णाला तपासल्यावाचून औषध देऊ नये, हा आपला धर्म लाकडालाही लागू पडतो. काळवंडलेल्या खुर्चीची झिलई बहुधा गेलेली नसतेच. उदबत्तीचा धूर, डोक्याचे तेल, हातांचा घाम आणि वर्षानुवर्षांचे मेण यांचा थर तिच्यावर बसलेला असतो. सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे केले, तरी निम्मी दुखणी बरी होतात.

त्यानंतर मूळ लेप कोणता हे ओळखावे. खुर्चीच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर स्पिरिटचा एक थेंब टाकावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश. स्पिरिटने काही न होता थिनरने विरघळले तर सेल्युलोज लॅकर. दोहोंनाही दाद न देणारा लेप तेलाच्या व्हार्निशचा किंवा अलीकडच्या पॉलीयुरेथेनचा असतो. आपल्या आजोबांच्या काळातील उत्तम सामान बहुतेक लाखेनेच झळाळलेले असते.

डागांचेही असेच. चहाच्या कपाचा पांढरा गोल डाग म्हणजे लाखेच्या थरात अडकलेला ओलावा; लाकूड शाबूत असते. काळा डाग मात्र खोल असतो. पाणी लाकडापर्यंत पोहोचून तेथील टॅनिनचा लोखंडाशी संयोग झाला की तो उमटतो. पहिला वरवरचा, दुसरा मुरलेला. दोघांना एकच उपाय चालत नाही.

लाखेची किमया

लाख ही एका इवल्याशा कीटकाची देणगी आहे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर हे कीटक रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच रचतात. हे कवच खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे केले की चपडा तयार होतो. महाभारतातील लाक्षागृहापासून ती आपल्या परिचयाची आहे. ती किती चटकन पेटते हेही त्याच कथेने आपल्याला शिकवले. झारखंड आणि छत्तीसगढ हे आजही तिचे प्रमुख प्रदेश असून रांचीजवळ नामकूम येथे 1924 पासून तिच्यावर संशोधन चालते.

आपल्या पिढीच्या वडीलधाऱ्यांनी बालगंधर्वांची पदे ऐकली ती लाखेच्याच तबकड्यांवर. आपण रुग्णांना देतो त्या कित्येक गोळ्यांवरचे चकाकते आवरणही लाखेचेच. आणि आपल्या शेजारच्या संखेड्याचे खराद कारागीर सागवानावर जी सोनेरी, तांबूस नक्षी खुलवतात तिचे तेजही लाखेचेच आहे.

लाखेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिची परतफेड करता येते. वाळलेला थर स्पिरिटने पुन्हा मऊ होतो आणि नवा थर जुन्यात एकजीव होतो. म्हणून लाखेचे जुने पॉलिश खरवडून काढण्याची गरज क्वचितच पडते. यंत्राने घासून लाकूड 'नवे' करणे म्हणजे शंभर वर्षांत आलेला मधाळ रंग एका दुपारी पुसून टाकणे होय. जिथे मलमाने भागते तिथे शस्त्रक्रिया कशाला?

बोळ्याची विद्या

ही विद्या मला शिकवली ती एका वयोवृद्ध पॉलिश कारागिराने. साहित्य अगदी साधे. एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे दीडशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा. कापसाचा बोळा धोतराच्या जुन्या, मऊ तुकड्यात बांधायचा. कापसाला पॉलिश पाजायचे, कापडातून ते पाझरले पाहिजे, ठिबकता कामा नये. मग हात आधी गोलाकार, नंतर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा आणि शेवटी लाकडाच्या रेषांच्या दिशेने सरळ फिरवायचा. बोळा अडखळू लागला तर त्याच्या तळाला तेलाचे बोट लावायचे. पृष्ठभागावर असताना हात थांबवायचा नाही. थांबला की ओल्या थरात बोळ्याचा ठसा उमटलाच. असे अनेक पातळ थर, मध्ये विश्रांती देत, काही दिवसांत चढवायचे.

पांढऱ्या डागावर जवळजवळ कोरडा, स्पिरिटचा केवळ वास असलेला बोळा अलगद फिरवला की ओलावा निघून जातो आणि डाग विरतो. पावसाळ्यात मात्र हे काम करू नये. दमट हवेत नवा थरच पांढुरका पडतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. गुरुजींच्या हाताखाली आज शिकाऊ मुलगा नाही. दोन्ही मुलगे फवारणीच्या यंत्रावर काम करतात, कारण बोळ्याच्या आठ दिवसांची मजुरी द्यायला गिऱ्हाईक तयार नसते.

पाळण्याचा प्रश्न

आता धोक्याची सूचना. काही वर्षांपूर्वी वीस महिन्यांची एक मुलगी माझ्याकडे आली. फिकट, चिडचिडी, मलावरोधाने बेजार, माती आणि पोपडे खाण्याची सवय. लोहाचे औषध नियमित देऊनही हिमोग्लोबिन वाढेना. रक्ताच्या काचपट्टीवर तांबड्या पेशींत निळसर ठिपके दिसले आणि शंका आली. रक्तातील शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला 24 मायक्रोग्रॅम निघाले. घरी चौकशी करता कळले की धाकट्या भावंडाच्या बारशासाठी पणजोबांचा पाळणा माळ्यावरून काढला होता आणि त्यावरचा पिवळा-हिरवा तेलरंग पॉलिशपेपरने कोरडाच घासण्याचे काम पडवीत कित्येक दिवस चालले होते. पडवी हेच त्या मुलीचे क्रीडांगण.

मूळ पाळणा लाखेचा होता. तेलरंग नंतरच्या पिढीने हौसेने दिलेला. भारतात घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची सक्तीची मर्यादा 2016 च्या नियमांनी आली आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आली. त्यापूर्वीचा कोणताही तेलरंग, विशेषतः पिवळा, हिरवा व लाल, सशिस्त असू शकतो असेच धरून चालावे. पोटात गेलेले शिसे मुले प्रौढांच्या चार-पाच पट शोषतात. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर अधिकच. मेंदूला होणारी हानी भरून येत नाही आणि शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठाऊक नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार 5 मायक्रोग्रॅमपासून पुढे उगम शोधून संपर्क थांबवावा आणि मुलांमध्ये 45 व त्यापुढे विषहारक औषधे द्यावीत. या मुलीला औषधांची गरज पडली नाही. पडवी ओल्या फडक्यांनी वारंवार पुसली, पाळणा घराबाहेर गेला, लोह व कॅल्शियम चालू ठेवले आणि पातळी महिन्यामहिन्याने उतरली. तरी तिचा विकास आजही मी लक्षपूर्वक नोंदवतो.

म्हणून काही नियम. तेलरंग दिलेली जुनी वस्तू कोरडी घासू नये, ज्योतीने जाळू नये. रंग काढायचाच तर ओला करून, मोकळ्या जागी, खाली प्लास्टिक अंथरून. लहान मुले व गर्भवती दूर. डायक्लोरोमिथेनयुक्त रंगनाशक बंद खोलीत वापरू नये, शरीरात त्याचे कार्बन मोनॉक्साइड होते. टर्पेंटाइन व स्पिरिट शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. चुकून मुलाने टर्पेंटाइन प्यायलेच तर उलटी करवू नये. ते फुप्फुसात गेल्यास रासायनिक न्यूमोनिया होतो. अळशीच्या तेलाचे बोळे चुरगाळून टाकू नयेत, ते आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळवावेत.

आणि पाळणा? रंग सुरक्षितपणे काढता आला, गजांमधील फट सहा सेंटीमीटरहून अधिक नसली, सांधे घट्ट असले, तर शुद्ध लाखेचे हात देऊन, पूर्ण वाळवून तो खुशाल वापरावा; दात येणाऱ्या बाळाने कठडा चावला तरी त्या लाखेची भीती नाही. यांतील एक जरी गोष्ट जमत नसेल तर त्यात बाळाऐवजी बाळाच्या बाहुल्या निजू द्याव्यात.

माझ्या व्यवसायबंधूंना शेवटी एवढीच विनंती. औषधाला दाद न देणारा रक्तक्षय दिसला की आहाराच्या आणि जंतांच्या प्रश्नांपाठोपाठ आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: घरात सध्या काही जुने घासण्याचे किंवा रंगवण्याचे काम चालू आहे का?