विश्लेषण : 'आरसेप'ला नकार दिल्याने खान्देशचे काय वाचले, काय नाही?

जळगाव-धुळ्यातील अनेक शेतकरी कुटुंबांचा रोजचा खर्च दुधावर आणि वर्षाचा हिशेब कापसावर चालतो. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये 'आरसेप'मध्ये सामील होण्यास नकार दिला, त्याचा या दोन्हींशी काय संबंध?

'आरसेप' म्हणजे काय?

प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी करार. 'आसियान'चे १० देश तसेच चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड त्यात आहेत. परस्परांच्या मालावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने घटवणे हा त्याचा गाभा. २०१२ पासून वाटाघाटीत असलेला भारत बाहेर पडला. उर्वरित १५ देशांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी करार केला.

नकार का दिला?

२०१८-१९ मध्ये चीनबरोबरची व्यापारी तूट ५० अब्ज डॉलरहून अधिक होती. आयात अचानक वाढल्यास शुल्क आपोआप वाढावे, ही भारताची मागणी मान्य झाली नाही. गांधीजींची शिकवण आणि आपला विवेक या करारात सामील होण्याची परवानगी देत नाही, असे मोदी म्हणाले.

दुधाचे काय वाचले?

न्यूझीलंड आपले बहुतांश दूध निर्यात करतो. भारतात दूध भुकटीवर ६० टक्के आयात शुल्क आहे. स्वस्त भुकटी आली असती, तर दूध संघांच्या भुकटीचे दर पडून शेतकऱ्याच्या खरेदी दरावर ताण आला असता. डिसेंबर २०२५ मध्ये न्यूझीलंडशी झालेल्या स्वतंत्र व्यापार सहमतीतही दुग्धजन्य पदार्थ वगळले आहेत.

मग कापसाचे काय?

कापसावरील ११ टक्के आयात शुल्क केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ केले आणि ही सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अमेरिकेच्या वाढीव शुल्काचा फटका बसलेल्या वस्त्रोद्योगाला दिलासा, हा हेतू. मात्र खान्देशचा नवा कापूस बाजारात येतो तो याच काळात. यासाठी कोणत्याही गटात जावे लागले नाही; एक अधिसूचना पुरली.

शेतकऱ्याने काय पाहावे?

करारात शिरल्यास ठरलेले शुल्क पुन्हा वाढवणे अवघड होते. बाहेर राहिल्याने तो अधिकार दिल्लीकडे राहिला. पण तो शेतकऱ्याच्या बाजूने वापरला जाईलच, याची हमी नाही. म्हणून व्यापार करारांइतकेच लक्ष वेचणीच्या तोंडावर निघणाऱ्या शुल्काच्या अधिसूचनांकडे हवे.